सुईची भीती
सुईला मी लहानपणापासून भितो. पण गुडघ्याने माटुंगा स्टेशनचा जिना नकोसा केला, तेव्हा सौ.नी मला ॲक्युपंक्चरसाठी नेऊन बसवले. डॉ. कोटणिसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली, एवढेच मला ठाऊक! डॉक्टरीणबाईंनी आधी विचारले, “रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत?” होत्या, पण तो हृदयविकार मी घरी सांगितलाच नव्हता. सौ.नी माझ्याकडे नुसते पाहिले. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या, म्हणून बाईंनी परत पाठवले. पुढच्या खेपेस कोरे पाकीट समोर फोडून केसासारख्या सुया टोचल्या. “झीज भरून येणार नाही हं, झालीच तर कळ कमी होईल.” जराशी झालीही. गोळ्यांची डबी मात्र आता सौ.च्या ताब्यात असते.