टाचेला काम किती द्यायचं

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल फरशीवर पडतं आणि टाचेच्या आतल्या बाजूला खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावलं लंगडत टाकली की ती ओसरते. धावायला निघालं तर पहिला किलोमीटर ठणकतो, पुढचे चार सुखाचे जातात, आणि घरी येऊन तासभर बसल्यावर उठताना कळ पुन्हा हजर असते. धावणाऱ्यांच्या टाचदुखीचं हे चित्र इतकं ठरलेलं आहे की बहुतेक वेळा एवढं ऐकून आणि टाचेची आतली कडा अंगठ्याने दाबून पाहून निदान होतं. उपायांबद्दल मात्र एकमत नाही. कोणी सहा आठवडे धावणं बंद करायला सांगतं, कोणी मऊ चप्पल, कोणी बर्फाची बाटली, कोणी इंजेक्शन. या साऱ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच समजूत दिसते: टाच दुखावली आहे, तिला जपा. मला ही समजूत अर्धीच बरोबर वाटते. पेलवेल त्याहून जास्त भार आला म्हणून टाच दुखते, हे खरं. पण भार काढून घेतल्याने तिची पेलण्याची ताकद वाढत नाही, आणि ज्याला पुन्हा धावायचं आहे त्याचा प्रश्न अखेर त्या ताकदीचाच आहे.

दुखतो तो तळपायातला एक जाड, चिवट पट्टा. टाचेच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यापासून निघून तो पंख्यासारखा पसरत बोटांच्या मुळाशी पोचतो आणि पावलाची कमान खालून धरून ठेवतो. 1954 साली हिक्स यांनी या पट्ट्याचं काम रहाटाच्या उपमेने समजावलं, आणि ज्याने विहिरीवरचा रहाट पाहिला आहे त्याला ती लगेच पटेल. पाऊल मागे ढकलताना टाच उचलली जाते, अंगठा वर वळतो आणि पट्टा चवड्याच्या हाडांवर दोरासारखा गुंडाळला जाऊन ताठ होतो. कमान उंचावते, सैल पाऊल घट्ट होतं आणि त्या घट्टपणावर आपण पुढे झेपावतो. धावताना पाय टेकला की जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो, आणि एका किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय पाचशेहून अधिक वेळा टेकतो. पट्टा एका झटक्यात फाटणं विरळच. या आवर्तनांत रोज थोडी झीज होते आणि ती भरून यायच्या आत दुसरा दिवस उजाडतो. 2003 साली लेमॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेच्या शस्त्रक्रियांतून मिळालेले 50 नमुने तपासले, तेव्हा त्यांत ‘प्लांटर फॅसायटिस’ या नावातला दाह सापडला नाही; तंतू विस्कटलेले आणि ऱ्हास पावलेले दिसले. उपचाराची दिशा इथेच बदलायला हवी होती. सूज असती तर ती शमवून काम भागलं असतं. विस्कटलेल्या तंतूंना मात्र पुन्हा ओळीत बसायचं असतं, आणि त्यासाठी त्यांना मोजका ताण लागतो.

यावर साहजिक आक्षेप येतो की विश्रांतीने दुखणं कमी होतं, हा तर सगळ्यांचा अनुभव आहे. होतं ना. पण विश्रांतीच्या महिनाभरात पोटरी आणि तळपायाचे छोटे स्नायूही दुबळे होतात, मन मात्र जुन्याच वेगाची आठवण ठेवून असतं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात सुरू करणारा माणूस महिना गमावल्यावर तो भरून काढायला निघतो. रविवारची लांब दौड एकदम वाढते, त्यातच साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात चढाचा सराव होतो. चढावर घोटा जास्त वाकावा लागतो; पोटरी आखडलेली असेल तर घोटा वाकत नाही आणि तो ताण तळपायावर येतो. घोटा वर वळण्याची मर्यादा आणि टाचदुखी यांचा संबंध अभ्यासांतही ठळक दिसला आहे. म्हणून पूर्ण बंदीपेक्षा कपात मला शहाणपणाची वाटते. लांब दौड अर्ध्यावर आणावी, चढ आणि वेगाचे सराव थांबवावे, सपाट रस्त्यावरचं सावकाश धावणं सोसेल तेवढं चालू ठेवावं. शिवाय धावण्याबाहेरचा भारही याच खात्यात पडतो. दिवसभर वर्गात किंवा गल्ल्यामागे उभं राहणं, स्वयंपाकघरात कडक टाइल्सवर अनवाणी वावरणं, हे कुठल्याच घड्याळात नोंदलं जात नाही. घरात पायताण न घालण्याची आपली रीत जपूनही घरापुरती वेगळी मऊ चप्पल ठेवता येते. टाच दुखत असेपर्यंत ती जरूर ठेवावी.

ताकदीसाठीचा व्यायाम जिन्याच्या पायरीवर होतो. पंच्याची गुंडाळी करून बोटांखाली घ्यायची, म्हणजे बोटं वर वळून रहाट ताणला जातो. मग एका पायाच्या चवड्यावर तीन सेकंदांत वर जायचं, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली यायचं. एक दिवसाआड, आणि सोपं वाटू लागलं की पाठीवर पुस्तकांची पिशवी. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी 48 जणांवर हा प्रयोग केला. तिसऱ्या महिन्यात हा व्यायाम करणारे नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच बरे झाले. तिथल्याच 180 जणांच्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर नीट सल्ला आणि टाचेखालची गादी यांच्या जोडीला असाच व्यायाम देऊनही खास जादा फायदा दिसला नाही. मग इतके कष्ट कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून व्यायामाची भलामण करणं मला अप्रामाणिक वाटेल. माझं उत्तर असं, की ती माणसं धावपटू म्हणून निवडलेली नव्हती आणि तिथे मुख्यतः मोजली गेली ती वेदना. चालताना टाच न दुखणं ही एक गोष्ट झाली. तीच टाच एकवीस किलोमीटर पाचशेच्या हिशेबाने आपटत नेणं, ही मागणी फार मोठी आहे. शिवाय त्या सल्ल्यातही भार सांभाळण्याचं मार्गदर्शन होतंच, म्हणजे मुद्दा तिथेही सुटलेला नाही. व्यायाम हे औषध समजून केला तर निराशा होईल. पुढच्या भाराची तयारी म्हणून तो मला अटळ वाटतो.

टाचेच्या काट्याने माणसं फार घाबरतात. एक्स-रेमध्ये हाडाचं टोक दिसतं आणि तेच टोचत असणार असं वाटतं, पण असा काटा असूनही ज्यांची टाच कधी दुखली नाही अशी माणसं पुष्कळ आहेत. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा धोकाही त्याला जोडलेला आहे. स्पर्धा तोंडावर आली म्हणून ते घेऊन धावणं तर मला सर्वांत चिंतेचं वाटतं, कारण ज्या कळेने थांबवायचं तीच तेव्हा गप्प असते. रात्री तूप लावून काशाच्या वाटीने तळपाय घासण्याने बरं वाटतं, झोप चांगली लागते. ते खुशाल करावं, फक्त त्याने पट्टा मजबूत होईल असं मानू नये. सकाळी उठण्याआधी पलंगावरच पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे, असं दहा वेळा. रात्रभर आखडलेला पट्टा पहिल्या पावलाआधी मोकळा होतो.

भार चालू ठेवण्याचं हे सगळं म्हणणं काही ठिकाणी लागू पडत नाही, आणि तिथे ते रेटणं घातक ठरेल. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यात धरून दाबल्यावर कळ आली, किंवा धावताना दुखणं कमी होण्याऐवजी पावलागणिक वाढत गेलं, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यावी आणि लगेच धावणं थांबवून डॉक्टर गाठावा. तळपायाला मुंग्या येत असतील तर नस दबलेली असू शकते. तरुण वयात दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही तासभर ताठ असते, तेव्हा संधिवाताच्या एका प्रकाराची तपासणी करून घ्यावी. कमानीच्या वरच्या बाजूला, घोट्यापुढे दाबल्यावर दुखत असेल, तर तेही तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं नव्हे. तिथलं छोटं हाड चिरलं तर भरायला फार वेळ घेतं.

यांतलं काही नसेल, तर परतीचं मोजमाप दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलावर करावं. धावताना थोडं दुखलं तरी चालेल. मात्र पुढच्या सकाळची कळ आदल्या सकाळपेक्षा वाढलेली नसावी. वाढली तर एक पायरी मागे, दोन आठवडे स्थिर राहिली तर थोडं अंतर पुढे. आधी अंतर वाढवावं, मग वेग, आणि घाट सगळ्यांत शेवटी. याला महिने लागतात, काहींना वर्ष. या काळात रविवारी गटाबरोबर जाऊन पाच किलोमीटरवर एकट्याने परत फिरावं लागतं. टाचेच्या कळेपेक्षा ते परत फिरणं अनेकांना जड जातं.