चढ सोपा, उतार कठीण

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आम्ही डेन्व्हरहून पश्चिमेस निघालो. पिकअप ट्रकमागे कॅम्पर, म्हणजे चाकांवरचे घर, जोडलेले. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर! तेथील विरळ हवेत आमचा टर्बो नसलेला पेट्रोल ट्रक धापा टाकू लागला. टर्बोवाले डिझेल ट्रक सहज पुढे गेले.

खरी परीक्षा पुढच्या ७ टक्के उतारावर. डिझेल ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेकचा आधार असतो. आमच्या कामी आला आपल्या घाटातला जुना नियम : चढताना जो गिअर, उतरताना तोच. ब्रेक सतत दाबला तर तापून निकामी होतो.

वाचकहो, डिझेल ट्रकची किंमत आणि दुरुस्ती दोन्ही महाग. कधीमधी ओढायचे तर पेट्रोल पुरे. जड कॅम्पर आणि रोजचे घाट असतील तर डिझेलच बरे. पण ओढण्याआधी थांबवण्याचा विचार करावा.