खराट्याविना

आमच्या वस्तीच्या अंगाला एक बाग आहे. मुंबईतली बाग ती केवढी! चार बाकडी, दोन झोके, एक रखवालदार. माझ्या आयनं ती बाग बारा वर्षं कंत्राटावर झाडली. पहाटे पाचला, अंधारात, एकटीनं. तिला कधी कुणी विचारलं नाही, बाई, तू इथं काय करतेस? हातात खराटा होता ना.

मी त्याच बागेत अभ्यासाला जायची. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, पुस्तक उघडायचं कुठं? पण रखवालदार दर अर्ध्या तासानं यायचा. "कोणाची वाट बघतेस?" कुणाचीच नाही म्हटलं की हसायचा. शेजारच्या बाकड्यावर बाप्ये घोरत पडलेले असायचे. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

एकदा दिवेलागणीला एकजण चिकटून बसला. माझ्या वहीवर हात ठेवला. मी ओरडले, पळत घरी आले. मंडळात सांगितलं, तर आपल्याच कार्यकर्त्यानं पहिला सवाल टाकला, "तू एकटी कशाला गेलीस?"

दोस्तहो, हा सवाल जुना आहे. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला. 1924 ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर. ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. आणि त्याच दिवशी, देवळात घुसणार अशी आवई उठवून आपल्या माणसांची डोकी फोडली. तळ्यावर कशाला गेलात, असं त्यांना आपण विचारतो का?

संविधानाचं कलम 15 (2) परत वाचा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून राखलेल्या सार्वजनिक जागा. तिथं कुणाला जातीवरून अडवायचं नाही, बाई म्हणूनही अडवायचं नाही. दोन्ही एकाच कलमात आहे. आपण अर्धंच पाठ केलं.

बंद दिवे, माजलेली झुडपं, बायांच्या संडासाला कुलूप, यानं भीती वाढते हे खरंच. त्यासाठी मोर्चा काढूच. पण लख्ख दिव्याखालीसुद्धा बाईला कारण दाखवावं लागतं. पोर खेळवायला आली, झाडायला आली. कारण नसलं की ती 'तसली'. आणि आपल्या बायांना 'तसली' ठरवायला या समाजाला कितीसा वेळ लागतो?

आपली बैठक याच बागेत भरते. सात वाजले की तुम्ही म्हणता, "ताई, उशीर झाला, निघा तुम्ही." काळजीनं म्हणता, कळतं. पण सगळे निर्णय सातनंतरच होतात, आमच्या माघारी.

येत्या रविवारी आम्ही निघणार नाही. फाटक बंद होईस्तोवर बसणार. आयलाही आणणार आहे. ती म्हणते, "खराट्याबिगर तितं बसून करू काय?"

काही करू नको, आये. नुसती बस.