अंडं नाही ना?

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणाचा वाढदिवस आला की केक मी करून न्यायचा, हे कधी ठरलं ते कुणालाच आठवत नाही. एका टेबलाभोवती कन्नडच्या लिंगायत मॅडम असतात, कॉमर्सचे जैन सर असतात, सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या दोघी-तिघी असतात. २०१२ च्या जानेवारीत अशाच एका वाढदिवसाला नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "मॅडम, अंडं नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत जैन सर म्हणाले, "यांच्या घरचा केक आहे ना? मग डोळे झाकून खा. त्यांच्या केकात अंडं असूच शकत नाही."

सगळे हसले, मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण हाच प्रश्न मला सोळा वर्षांपूर्वी एकदा विचारला गेला होता आणि त्या वेळी मी धडधडीत खोटं उत्तर दिलं होतं.

आमचं माहेरचं घर बेळगावात शहापूरला. दोन घरं, मधली भिंत सामायिक, मागचं परस एकच. भिंतीपलीकडे अक्का. त्यांना नाव होतंच, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची. आई अक्कांशी मराठीत बोलायची, अक्का कन्नडमध्ये उत्तर द्यायच्या आणि यात काही वेगळं चाललंय असं दोघींनाही वाटायचं नाही. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. वर्षातून एकदा, १ नोव्हेंबरला, दोन्ही घरांतले पुरुष दोन वेगळ्या दिशांना जायचे. बायका त्या दिवशीही परसातल्या एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या.

आणि भिंतीवरून डबा ये-जा करायचा. स्टीलचा, कडीचा, बुडाला आईचं नाव कोरलेला. तो रिकामा परत द्यायचा नाही हा नियम दोन्ही भाषांत सारखाच. आमच्याकडून अळूवडी गेली की तिकडून शेंगाची होळिगे यायची. मोदक गेले की कडबू. येळ्ळमावास्येला तर सज्जीच्या भाकरी आणि भज्जी इतकी यायची की आमच्याकडे रात्रीची चूल पेटत नसे.

या डब्यात केक शिरला तो आईमुळे. आई लग्नाआधी कॅम्पात एका शाळेत शिकवायची, तिथल्या एका गोव्याच्या बाईंकडून ती केक शिकली. त्या बाई नाताळात रवा आणि खोबऱ्याचा 'बात' करून सगळ्या शिक्षकांना वाटायच्या. आमच्याकडे तेव्हा ओव्हन नव्हता. आई बांधकामावरची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवायची. जाड पातेल्यात वाळू, वाळूवर केकचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. नंतर विजेचा गोल ओव्हन आला, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. ती काच आम्हा भावंडांची टीव्हीच होती म्हणा ना.

आमच्या घरी अंडी चालायची, पण आईनं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरवून टाकली होती. घरात खायचा केक वेगळा आणि वाटायचा केक वेगळा. वाटायच्या केकात अंडं नाही. त्याची भांडी वेगळी, फेटायचा लाकडी चमचासुद्धा वेगळा. "ज्याला द्यायचंय त्याच्या तोंडात जाईल असंच द्यावं," ती म्हणायची, "नाहीतर ते देणं कसलं, तो दिखावा."

अडचण एवढीच होती की अंड्याचा केक जसा टम्म फुगायचा तसा हा फुगत नसे. अंडं फेटलं की हवा धरून ठेवतं आणि भाजताना घट्ट होऊन केकला उभं करतं. अंडं काढलं की ती सगळी मदार दही आणि सोड्यावर येते. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, बुडबुडे येतात. ते विरायच्या आत भांडं ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. आणि मैद्याला तो डोलारा नीट पेलला नाही, किंवा मध्येच कुणी झाकण उघडून डोकावलं, की केक मधोमध बसलाच. आमच्याकडे डोकावणारे तिघं होते.

आता १९९६ कडे येते. मी मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे एसएसएलसीला कन्नडचा पेपर म्हणजे डोंगर. वर्षभर संध्याकाळी अक्का मला ओसरीवर घेऊन बसायच्या. त्या स्वतः सातवीपर्यंतच शिकलेल्या. पण चोरी, हिंसा, खोटं नको असं सांगणारं बसवण्णांचं वचन त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की आजही झोपेत म्हणेन. पुस्तकातली कन्नड आणि घरातली कन्नड यांत फरक पडला की त्या खुदकन हसायच्या. "पुस्तकात मोट्टे म्हणतात. आपल्याकडे तत्ति. पण तू पेपरात मोट्टेच लिही." अंड्याला काय म्हणतात हे मी शिकले तेसुद्धा अशा घरात, जिथं अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

मे महिन्यात निकाल लागला. कन्नडमध्ये शंभरात ८१. अक्कांसाठी केक मीच करणार असं मी जाहीर केलं. आई त्या दिवशी मामाकडे गेली होती. पहिला केक केला, बिनअंड्याचा, तो मधोमध खचला. थाळीत काढला तर पुरणाच्या चुकलेल्या पोळीसारखा दिसायला लागला. अर्ध्या तासानं दुसरा करायला घेतला. त्यात मी दोन अंडी फोडली. आळशीपणा नव्हता, वाईट हेतूही नव्हता. ८१ गुणांना शोभेल असा उंच केक मला अक्कांपुढे ठेवायचा होता, एवढंच.

केक बेकरीतल्यासारखा फुगला. मी डब्यात भरून परसातून गेले. अक्कांनी कौतुकानं बघितलं आणि सहज विचारलं, "तत्ति हाकिल्ल, हौदिल्लो?" अंडं घातलं नाहीस, हो ना?

मी म्हणाले, "इल्ल री अक्का."

माझ्या कन्नडचा पहिला खरा उपयोग मी असा केला. अण्णा, म्हणजे अक्कांचे यजमान, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारे. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि "छलो आगेद" म्हणाले. छान झालाय. रात्री आईनं टोपली बघून विचारलं, दोन अंडी कुठे गेली? हातातून पडली, मी म्हणाले. एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं लागतंच.

त्या दिवसानंतर मी वाटायच्या केकात कधीही अंडं घातलं नाही. हात बसला तसे केक उंचही व्हायला लागले. लग्न होऊन टिळकवाडीत गेले, कॉलेजात लागले, बिनअंड्याच्या केकाची मॅडम म्हणून नाव झालं. बाजारच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, अंडं असलं की तपकिरी खूण असते. घरच्या केकवर तसलं काही छापलेलं नसतं. खाणारा करणाऱ्याच्या शब्दावर खातो. आणि जैन सर ज्या शब्दावर इतक्या खात्रीनं बोलले, तो मी मुळात एकदा मोडलेला होता. मोडला होता म्हणूनच तर नंतर इतका सांभाळत आले होते.

त्या रविवारी मी शहापूरला गेले आणि अक्कांना सांगून टाकलं. त्या परसात तूर निवडत बसल्या होत्या. मी मराठीत सुरू केलं, मग कन्नडवर आले, कारण खोटं कन्नडमध्ये बोलले होते.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "एक की दोन?"

"दोन."

"अण्णांनीही खाल्ला होता." अण्णांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. "त्यांना आता कोण सांगणार?" असं म्हणून त्या उठून आत गेल्या.

आई माझ्यावर इतकी चिडली की विचारू नका. "सोळा वर्षं पोटात ठेवलं होतंस तर आणखी ठेवायचं होतंस. तुझं मन हलकं झालं, त्या बाईच्या जिवाला घोर लावलास." आईचं चुकलं होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. अक्कांनी बोलणं बंद केलं नाही, भांडण केलं नाही. पण डबा थांबला. आमच्याकडून नारळ, केळी, पेरू चालायचे. शिजवलेलं काही गेलं की "आज उपवास आहे" म्हणून परत यायचं. एवढे उपवास कुठल्याच पंचांगात नसतात. संक्रांत गेली, पाडवा गेला, पंचमी गेली. दोघी म्हाताऱ्या बायका परसात एकमेकींना "जेवण झालं का?" विचारायच्या आणि आपापल्या घरात जाऊन आपापलं खायच्या. याची शिक्षा मला कमी आणि आईला जास्त झाली.

२०१३ च्या दिवाळीच्या तोंडावर मी माहेरी होते. अक्कांनी भिंतीवरून हाक मारली, "तंगी, इल्लि बा." मी गेले. हात-पाय धुवायला सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मांडून दिला. "तो केक तुझा कसा करतात ते सांग. तू हात लावायचा नाही. मी करणार."

मैदा नको म्हणाल्या, म्हणून गव्हाचं पीठ दीड वाटी, एकदा नव्हे, तीनदा चाळून घेतलं. साखरेऐवजी बारीक चिरलेला गूळ पाऊण वाटी. तो वाटीभर घट्ट दह्यात विरघळवून गाळून घेतला, गुळात खडे निघतात. तेलाच्या जागी अर्धी वाटी पातळ केलेलं घरचं तूप. सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा पिठात मिसळायला सांगितला. व्हॅनिला नको, वेलदोडा आणि थोडं जायफळ. मी म्हणाले, आता भराभर हलवा, पण जास्त घोटू नका, नाहीतर चिवट होईल. "मला सांगतेस?" म्हणाल्या. पन्नास वर्षं होळिगेची कणीक मळलेला हात तो.

ओव्हन माझा नकोच होता. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला दोन वाट्या मीठ पसरलं, वर एक चकती. पाण्याचा थेंब घालायचा नाही हे दोनदा सांगितलं. कुकर दहा मिनिटं आधी तापवून मग आत भांडं ठेवलं, आच मंद केली. पाऊण तास आम्ही दोघी दाराच्या अलीकडे-पलीकडे बसून राहिलो. विसाव्या मिनिटाला अक्कांनी झाकण उघडून बघितलंच. मी काही बोलले नाही. शेवटी विणायची सुई टोचली, कोरडी निघाली.

केक मधोमध खचला होता. गव्हाचा, गुळाचा, तपकिरी. तुपाचा वास परसभर. अक्का त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "अंडं नसलं की असाच होतो का?"

"झाकण उघडलं की असाच होतो," मी म्हणाले, आणि दोघींनाही हसू आलं.

थोडा निवल्यावर त्यांनी चार तुकडे अण्णांच्या फोटोपुढे ठेवले. मग फडताळातून आमचा कडीचा डबा काढला, आईचं नाव कोरलेला. दीड-पावणेदोन वर्षं तो त्यांच्याकडेच अडकला होता. त्यात उरलेला केक भरून माझ्या हातात दिला. मी घरी नेला. आईनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला, काही बोलली नाही, डबा घासून पुसून घेतला आणि त्यात काय घालावं म्हणून ओट्याशी उभी राहिली. नारळ होता, केळी होती. तिनं केळ्यांचा घड उचलला तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"निन्ने निम्मव्व चक्कली माड्यार, हौदिल्लो?"

काल तुझ्या आईनं चकल्या केल्यात, हो ना? आईनं केळी खाली ठेवली.