माडीवरचा घुमारा

आमच्या चिरंजीवांनी दापोलीच्या घरी माडीवर ध्वनिमुद्रणाची खोली थाटली, तेव्हा भिंतींना लावलेल्या गाद्या पाहून मला वाटले, पाहुण्यांची सोय झाली! भजनी मंडळे नि नमनवाले जिना चढू लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

या खोलीतला संगणक बदलावा की नाही, यावरून यंदा घरात वाद पेटला. आवाजाला घुमारा देणारे, कर्कशपणा घासून काढणारे 'प्लगिन' नावाचे अदृश्य कारागीर त्यात राहतात. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने त्यांच्यासाठी एक पद्धत घालून दिली, ती जगभर चालली. पण ॲपलने २०१९ मध्ये ३२ बिटांच्या जुन्या प्रोग्रामांना आपल्या नव्या व्यवस्थेतून हद्दपार केले. चिरंजीवांचा लाडका घुमारा नेमका त्यांतला. म्हणून जुना संगणक इंटरनेटपासून सोवळ्यात ठेवलेला!

"जुने सोडवत नाही, हा बाबांचाच गुण," सूनबाई म्हणाल्या. मी गप्प. माझ्या वडिलांची पेटी, भाता फाटला तरी, अजून माजघरात आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, तेव्हाही ती आमच्याकडे वाजतच होती म्हणे.

खरे कारण चिरंजीवांनी नंतर सांगितले. त्या घुमाऱ्यात त्याच्या आईची अंगाई आहे. ती जाण्याच्या आदल्या वर्षी गायलेली. "नव्यावर आवाज उघडेल बाबा, पण कोरडा."

"कोरडाच ऐकव," मी म्हटले.

त्याने घुमारा बंद केला. देवळातून येणारा वाटणारा आवाज एकदम स्वयंपाकघरात आला. दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास, हातातल्या बांगड्यांची किणकिण, आणि मागे आमचा कावळा! बांगड्या काढून ठेव, असे तिला बजावले होते. तिने ऐकले नव्हते. माझे तरी कधी ऐकले होते?

चिरंजीव मान खाली घालून बसले होते.

आता तोडगा निघाला आहे. जुन्या संगणकावर प्रत्येक गाणे घुमाऱ्यासकट साध्या ध्वनिफितीत उतरवायचे, कोरडे मूळही शेजारी ठेवायचे, आणि दोन्हींच्या प्रती दोन ठिकाणी. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडालेली घरे पाहिल्यापासून एका जागी काही ठेवायला मन धजत नाही. एकेक गाणे उतरायला वेळ लागतो. काल निम्म्यावर वीज गेली. चिरंजीवांनी कंदील लावला, आणि आम्ही दोघे ती येण्याची वाट बघत माडीवर बसून राहिलो.