तांबड्या मातीचे बंदर

आम्हां वर्धेकरांना समुद्र भेटायचा तो नकाशात! म्हणून सहकुटुंब वेंगुर्ले तालुक्यातील रेडीस गेलो. पण तेथे आधी डोळ्यांत भरली ती लाट नव्हे, तांबडी माती. हिच्या पोटातले लोहखनिज खणायचे आणि गावच्याच बंदरातून जहाजाने परदेशी धाडायचे, हा येथला व्यवसाय.

पाहण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. खाडीच्या मुखाशी झाडीत बुडालेला यशवंतगड आहे. सावंत, पोर्तुगीज अशा हातांतून तो १८१९ साली इंग्रजांकडे गेला. माउलीचे देऊळ आहे. आणि १९७६ साली खाणीच्या परिसरात जमिनीतून निघालेला गणपती आहे. त्याला हात दोनच!

शेजारीच शिरोडे. वि. स. खांडेकर १९२० पासून येथे शिक्षक होते. १९३० साली येथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या लढ्यानंतर गांधीजी साबरमतीस राहावयास परतले नाहीत. पुढे ते आमच्या वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये सेवाग्रामी राहिले. म्हणजे शिरोड्याच्या मिठाशी आमचे नाते निघालेच की!

मीठ समुद्र दरसाल नव्याने देतो. उपसलेला डोंगर पुन्हा उगवत नाही. खाणीने कित्येक घरांची चूल पेटवली, हेही तितकेच खरे. तेव्हा मंडळी, रेडीस जाल तर मुलांना गड आणि गणपती दाखवाच. पण खाणीच्या खड्ड्याकडेही जरा लांबून बोट करा. ती विचारतील, “येथे आधी काय होते?” उत्तर मात्र तयार ठेवा.