शार्लट लूकसला, तुझ्या बाजूनं

प्रिय शार्लटताई,

तू सत्तावीस वर्षांची आणि मी तुझ्याहून बरीच लहान, एम.ए.ला इंग्रजी घेतलेली विद्यार्थिनी. म्हणून ताई म्हणते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ आम्हाला अभ्यासाला आहे. एलिझाबेथ आणि डार्सी यांच्यावर मोठा प्रश्न येतो, तुझ्यावर आलीच तर टीप. त्या टिपेत काय लिहायचं तेही ठरून गेलंय: शार्लट व्यवहारी आहे, प्रेमाबिमावर तिचा विश्वास नाही, हक्काचं घर मिळावं म्हणून तिनं मिस्टर कॉलिन्स या बढाईखोर, खुशामती माणसाशी लग्न केलं, आणि एलिझाबेथचं तेज उठून दिसावं यासाठी लेखिकेनं तिला शेजारी उभं केलं. एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण त्यात तुझ्यावर अन्याय होतो. तो करणाऱ्यांत तुझी जिवलग मैत्रीण एलिझाबेथही आहे, म्हणून हे पत्र खाजगीत न लिहिता उघड लिहिते आहे.

बाविसाव्या प्रकरणात तू वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून मिस्टर कॉलिन्सना येताना पाहतेस आणि ते वाटेत सहज भेटल्यासारखं व्हावं म्हणून लगेच खाली उतरतेस. नुकतीच त्यांनी एलिझाबेथला मागणी घातली आहे, तिनं ती साफ नाकारली आहे, आणि तुला हे सगळं माहीत आहे. वर्गात इथं मुली हसतात. त्यानंतरचा मजकूर मात्र फार कुणी सावकाश वाचत नाही. लग्न ठरल्याची बातमी तुझ्या घरी कळते. तुझी आई लगेच मनाशी हिशेब करायला लागते की एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट अजून किती वर्षं जगतील, कारण त्यांच्यामागे लाँगबोर्नची सगळी मिळकत तुझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे जाणार आहे. धाकट्या बहिणींना वाटतं, चला, आपल्याला एक-दोन वर्षं आधीच समारंभांना जाता येईल. आणि तुझे भाऊ सुटकेचा श्वास टाकतात: थोरली बहीण बिनलग्नाची राहून म्हातारी होणार ही त्यांची धास्ती संपते.

भावांबद्दलचं ते वाक्य मला फार लागतं. ते काही वाईट मुलगे नाहीत. पण वडिलांमागे तुला पोसायचं कुणी, हा प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होता आणि तुलाही तो दिसत होता. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवताना, आपण पुढे कुणाला तरी ओझं होणार हे जाणून तू किती वर्षं काढलीस? तुझ्या वडिलांनी मेरिटनमध्ये व्यापार करून बऱ्यापैकी पैसा मिळवला होता. मेयर असताना राजाला मानपत्र दिलं, ‘सर’ हा किताब मिळाला, आणि मग त्यांना धंद्याची आणि बाजाराच्या गावची लाज वाटू लागली. दोन्ही सोडून ते गावापासून मैलभर लांब राहायला गेले आणि घराला लूकस लॉज नाव दिलं. मुलं बरीच, तुझ्या लग्नात द्यायला पैसा थोडका. सर विल्यम प्रेमळ गृहस्थ आहेत, सगळ्यांशी अगत्यानं वागतात; तरी मला वाटतं, त्या किताबाची किंमत पुढे तू मोजलीस.

एलिझाबेथकडे तरी काय होतं? आईच्या पश्चात हजार पौंड, चार टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. मागणी घालताना मिस्टर कॉलिन्सनी हे तिच्या तोंडावर सांगितलं. अशा परिस्थितीत तिनं नकार दिला हे धाडसाचंच होतं आणि त्यासाठी ती मला आवडते. पण ती वीस वर्षांची होती, आणि तिच्या पाठीशी वडील होते. तू याच्याशी लग्न केलंस तर मी तुझं तोंड पाहणार नाही, असं मुलीला सांगणारा बाप तिच्या घरात होता. तुझ्या घरात असं म्हणणारं कुणीच नव्हतं. तू नाही म्हणाली असतीस तर आईचा हिशेब, बहिणींची आशा आणि भावांची सुटका या सगळ्यांना एकटीनं तोंड द्यावं लागलं असतं.

तू स्वतःशी सगळा जमाखर्च मांडलास. माणूस शहाणा नाही, सहवास सुखाचा नाही, त्याचं आपल्यावरचं प्रेमही खरं नसणार, हे तू स्वतःपासून लपवलं नाहीस. पण या सगळ्यात तुला सर्वांत जास्त टोचलं ते वेगळंच: एलिझाबेथला हे ऐकून धक्का बसेल. तिची मैत्री तुला सर्वांत मोलाची होती, म्हणून तू ठरवलंस की बातमी तिला आपल्याच तोंडून कळली पाहिजे. मिस्टर कॉलिन्सना गप्प राहायला सांगितलंस, दुसऱ्या दिवशी स्वतः गेलीस, आणि तिला बाजूला घेऊन सांगितलंस. तिच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो हे शक्यच नाही असा. तू क्षणभर गोंधळलीस, मग सावरलीस आणि शांतपणे तिला सांगितलंस की मी कधीच स्वप्नाळू नव्हते, मला एक सुखाचं घर हवं आहे. ती वरवर सावरून शुभेच्छा देते. पण तू गेल्यावर मनाशी ठरवून टाकते की आता आपल्या दोघींत खरा विश्वास उरणार नाही. पुढे आपल्या थोरल्या बहिणीशी, जेनशी, बोलताना तर ती फार कडक होते: स्वार्थाला शहाणपण म्हणायचं का, असा तिचा सूर असतो. जेन बिचारी सांगून पाहते की माणसांच्या परिस्थितीत आणि स्वभावात फरक असतो. तुझी बाजू घेणारी कादंबरीत ती एकटीच, आणि तिचंही एलिझाबेथ ऐकत नाही.

आता पुढचं ऐक, कारण हे तुला बहुधा कुणी सांगितलं नसेल. काही महिन्यांतच विकम नावाचा देखणा लष्करी अधिकारी एलिझाबेथच्या मागे फिरायचं सोडतो आणि मिस किंगच्या मागे लागतो, कारण तिला अचानक दहा हजार पौंड मिळालेले आहेत. एलिझाबेथला त्याचा राग येत नाही. देखण्या तरुणांनाही पोट असतं, अशा अर्थाचं ती आपल्या मामीला लिहिते. म्हणजे पैशासाठी विकमनं मिस किंगच्या मागे लागणं तिला समजून घेता येतं, आणि डोक्यावर छप्पर राहावं म्हणून तू मिस्टर कॉलिन्सना हो म्हटलंस तर तिच्या मनातून तू उतरतेस. विकमपुढे सैन्यातली नोकरी होती, शहरं होती, कर्ज काढून पळून जायची सोय होती, आणि ती त्यानं पुढे वापरलीही. तुझ्यापुढे लग्न नाहीतर भावांच्या घरातला कोपरा, एवढंच होतं. जेन ऑस्टिननं ही विसंगती तिथंच नोंदवून ठेवली आहे: शार्लटच्या बाबतीत एलिझाबेथला जितकं स्पष्ट दिसलं तितकं विकमच्या बाबतीत दिसलं नाही. लेखिकेनं इतकं उघड सांगूनही टिपांच्या वह्यांत तुझ्यावर ठपका येतो आणि एलिझाबेथला सूट मिळते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवाय तू बरोबर होतीस. जेनचं डार्सीच्या मित्रावर, बिंग्लीवर, प्रेम बसलंय पण ती ते दाखवत नाही, हे धोक्याचं आहे, असं तू सुरुवातीलाच म्हणाली होतीस. एलिझाबेथनं ते हसण्यावारी नेलं. नंतर डार्सी आपल्या पत्रात नेमकं हेच कारण देतो: जेनच्या चेहऱ्यावर त्याला प्रेम दिसलं नाही, म्हणून त्यानं मित्राला तिच्यापासून दूर केलं. डार्सीचं मन कुणाकडे वळतंय याचा वासही तुलाच आधी लागला. नेदरफील्डच्या नाचात तू एलिझाबेथच्या कानात कुजबुजून तिला सावध केलंस की विकमच्या नादात याला दुखवू नकोस. आणि डार्सीनं पहिली मागणी घातली ती कुठं? केंटमधल्या हन्सफर्डला, तुझ्या घरात. तू तिला अगत्यानं बोलावलं नसतंस तर त्या दिवसांत ती केंटला गेलीच नसती. डार्सीच्या मावशी लेडी कॅथरीन संतापून लाँगबोर्नला आल्या त्याही तुमच्या घरावरून पोचलेल्या बातमीमुळे, आणि त्यांच्या त्या भांडणामुळेच डार्सीला पुन्हा विचारायची आशा वाटली. ज्या प्रेमकथेत तुला प्रेम न कळणारी ठरवतात, तिचे दोन्ही निर्णायक धागे तुझ्या उंबऱ्यातून जातात.

हन्सफर्डच्या घरातली एक गोष्ट मला फार आवडते. समोरच्या बाजूची खोली मोठी आहे, तिथून रस्ता दिसतो. तू मात्र बसायला मागची खोली निवडलीस. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग तिच्या लक्षात येतं: रोझिंग्जची, म्हणजे लेडी कॅथरीनची, घोडागाडी कधी जाते ते बघायला मिस्टर कॉलिन्स दिवसभर रस्त्याच्या बाजूला बसणार, तुझी खोली तितकीच छान असती तर ते तिथंच येऊन बसले असते. त्यांनी बागेत काम करावं म्हणून तू प्रोत्साहन देतेस, बागकाम तब्येतीला चांगलं असं सांगतेस. ते काही लाजिरवाणं बोलले की एक-दोनदा तुझ्या चेहऱ्यावर हलकी लाली येते, एरवी तू ऐकलंच नाही असं दाखवतेस. त्या घरात तुझी एक खोली आहे, कोंबड्या आहेत, स्वतःच्या हातानं लावलेला संसार आहे. मिस्टर कॉलिन्स आसपास नसले की ते घर खरोखर सुखाचं वाटतं, आणि एलिझाबेथला दिसतं की ते असल्याचा विसर पाडून घ्यायची सवय तू चांगली केली आहेस. याला मी पराभव म्हणणार नाही. सुखही म्हणवत नाही.

आता माझी एक तक्रार. लग्नानंतर तू एलिझाबेथला पत्रं लिहीत राहिलीस, आणि त्यांत फक्त कौतुक करता येईल तेवढंच लिहिलंस: घर, सामान, शेजार, रस्ते, लेडी कॅथरीनचं सौजन्य. एकदा तरी मन मोकळं करायचं होतंस, ताई. तिनं दार बंद केलं हे खरं, पण तूही पुन्हा ठोठावलं नाहीस. लग्नाआधी जोडीदाराचे दोष जितके कमी कळतील तितकं बरं, हे तुझं मतही मला मान्य नाही. तू स्वतःही ते पाळलं नाहीस; कॉलिन्सचे सगळे दोष आधी मोजून मगच तू हो म्हणालीस.

तुला इतक्या आतून कुणी का लिहिलं असेल, हा विचार मी बरेचदा करते. या कादंबरीचा पहिला खर्डा जेन ऑस्टिननं १७९६-९७ मध्ये लिहिला, साधारण एलिझाबेथच्याच वयात. छापून आली ती २८ जानेवारी १८१३ ला, तिच्या नावाशिवाय; हक्क तिनं ११० पौंडांना विकले होते. मधल्या काळात, डिसेंबर १८०२ मध्ये, मॅनीडाउनच्या मोठ्या मिळकतीचा वारस हॅरिस बिग-विदर यानं तिला मागणी घातली. तिला सत्ताविसावं पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. संध्याकाळी ती हो म्हणाली आणि सकाळी तिनं तो होकार मागे घेतला. १८०५ मध्ये वडील गेले, आणि आई, बहीण कॅसांड्रा आणि ती अशा तिघी भावांच्या मदतीवर राहिल्या. चॉटनचं स्थिर घर एका भावानं दिलं तेही १८०९ मध्ये. म्हणजे तुझ्या वयाच्या उंबरठ्यावर तिनं तुझ्या उलट निर्णय घेतला आणि ज्याला तू भ्यायलीस ते आयुष्य ती जगली. फॅनी या भाचीला १८१४ मध्ये ती लिहिते की प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेलं बरं. त्याच भाचीला १८१७ मध्ये लिहिते की अविवाहित बायकांच्या वाट्याला गरिबी फार येते आणि लग्नाच्या बाजूनं हे एक मोठंच कारण आहे. पहिलं वाक्य एलिझाबेथचं वाटतं, दुसरं तुझं. दोन्ही तिला मनापासून पटत होती असं मला वाटतं.

मी तुझ्यासारखं लग्न करणार नाही. आमच्याकडेही पंचविशी उलटलेल्या मुलीच्या घरी येणारेजाणारे विचारतातच, बायोडेटा फिरतात, अपेक्षांच्या रकान्यात काय लिहायचं यावर आई-मुलींचे वाद होतात. पण मला नोकरी करता येईल आणि पगार माझ्या खात्यात जमा होईल. तुझ्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची स्वतःची कमाई कायद्यानं तिची ठरली ती १८७० मध्ये, पुस्तक छापून सत्तावन्न वर्षं झाल्यावर. हा फरक विसरून तुला नावं ठेवायचा हक्क मला नाही.

शेवटी एलिझाबेथचं डार्सीशी ठरतं तेव्हा लेडी कॅथरीन भडकतात आणि ते वादळ शमेपर्यंत तू माहेरी येऊन राहतेस. तुला या लग्नाचा खरा आनंद झालेला असतो, आणि लेखिकेनं तसं स्पष्ट लिहिलंय.

ज्या मैत्रिणी यंदा तुझ्यावर टीप लिहितील त्यांना माझी विनंती आहे. शार्लट व्यवहारी होती, हे जरूर लिहा. पण त्याआधी बाविसावं प्रकरण सावकाश वाचा, आणि विकमला दिलेली सूट शार्लटला का मिळाली नाही, याचं उत्तर एलिझाबेथच्या वतीनं तुम्ही द्या.

तुझी,
एक वाचक